‘स्विंगर्स’ कुठून आला: एक ब्रेकअप, रिकामे खिसे आणि लॉस एंजेलिसच्या रात्री

आधी नावाचं सांगतो, कारण आपल्याकडे बरेच जण नाव वाचूनच, जोडप्यांच्या अदलाबदलीवरचा असेल असं समजून, पिक्चर बाजूला ठेवतात. यातला ‘स्विंग’ म्हणजे १९३०-४० च्या काळातलं बिग बँडवालं नाचायचं म्युझिक, आणि त्यावरून आलेली ती सूटबूट, हातात ग्लास, रात्रभर भटकायची एक स्टाइल. बाकी काही नाही. १८ ऑक्टोबर १९९६ ला अमेरिकेत रिलीज झालेला हा पिक्चर चार-पाच सिंगल पोरांचा आहे, सगळे लॉस एंजेलिसमधले स्ट्रगलर, काम कुणालाच धड नाही, रात्र झाली की एका बारमधून दुसऱ्या बारमध्ये, आणि त्यातला एक, माइक, सहा वर्षं सोबत असलेल्या गर्लफ्रेंडला न्यूयॉर्कला सोडून आलाय आणि सहा महिने झाले तरी तिच्यातून बाहेर पडत नाहीये. मित्र त्याला ओढून ओढून बाहेर काढतात. एवढीच गोष्ट. मी हा पिक्चर कितीदा पाहिला असेल मोजलं नाही, पण दर वेळी वाटतं की ही गोष्ट कुणी बसून रचलेली नाही, ही घडलेलीच आहे. मागचा इतिहास वाचला की कळतं असं का वाटतं ते.

लिहिणारा जॉन फॅव्हरो, आणि माइकचा रोल पण त्यानेच केलाय. हा न्यूयॉर्कच्या क्वीन्सचा मुलगा, थोडे दिवस वॉल स्ट्रीटवर नोकरी केली, ती सोडून १९८८ च्या सुमारास शिकागोला गेला, तिथे इम्प्रोव्ह शिकला म्हणजे स्क्रिप्टशिवाय स्टेजवर उभं राहून समोरच्याच्या वाक्यातून पुढचं वाक्य काढायचं ते काम. तिथे असताना त्याला ‘रूडी’ (१९९३) नावाच्या अमेरिकन फुटबॉलवरच्या पिक्चरमध्ये रोल मिळाला आणि त्याच सेटवर एका छोट्या रोलमध्ये विन्स व्हॉन होता, उंच, बडबड्या, प्रचंड कॉन्फिडन्स असलेला. दोघांची दोस्ती जमली, विन्स आधीपासूनच लॉस एंजेलिसला होता, फॅव्हरो पण तिकडे गेला. पुढे काय झालं ते आपल्या अंधेरी-वर्सोव्यातल्या कुठल्याही पोराला विचारा, तेच, ऑडिशन, वाट बघणं, परत ऑडिशन. त्यात फॅव्हरोचं जुनं रिलेशन तुटलं. वडिलांनी त्याला स्क्रिप्ट लिहायचं सॉफ्टवेअर दिलं होतं, ते नीट चालवून बघावं म्हणून तो लिहायला बसला आणि साधारण दोन आठवड्यांत ‘स्विंगर्स’ लिहून झाला. प्लॉट वगैरे ठरवलेला नव्हता, जे आजूबाजूला होतं ते लिहिलं, मित्र कसे बोलतात, कुठल्या बारमध्ये जातात, कोण कुठल्या व्हिडिओ गेमवर भांडतो. माइकचा मित्र ट्रेंट हे कॅरेक्टर विन्सवरून आणि विन्ससाठीच लिहिलेलं. रॉन लिव्हिंगस्टन, पॅट्रिक व्हॅन हॉर्न, अॅलेक्स डेझर्ट हे पण सगळे खरोखरचे मित्र.

आणि इथेच पिक्चर अडकला. ही मंडळी लोकांसमोर स्क्रिप्ट वाचून दाखवायची, पैसे लावणारे हसायचे, आवडायचं पण, मग म्हणायचे हीरो दुसरे घेऊया, ओळखीचे चेहरे घेऊया. हे सोपं नसतं हो, खिशात भाड्याचे पैसे नसताना समोरचा चेक दाखवतोय आणि तुम्ही म्हणताय की नाही, माझे मित्रच काम करणार. फॅव्हरो अडून बसला. मला या सगळ्या इतिहासातली ही सगळ्यात मोठी गोष्ट वाटते, कारण पिक्चर बघताना जो जिव्हाळा जाणवतो तो या हट्टातून आलाय, दुसरे कुणी चांगले नट घेतले असते तर ते एकमेकांचं बोलणं असं मधेच तोडू शकलेच नसते.

शेवटी डग लायमन आला. फॅव्हरोला खरं तर स्वतःच डायरेक्ट करायचं होतं, पण लायमनने सांगितलं की अगदी थोड्या पैशात करू, नट हेच ठेवू. लायमनचे वडील आर्थर लायमन अमेरिकेतले मोठे वकील, पैसे उभे करायला त्यांची मदत झाली. बजेट दोन-अडीच लाख डॉलर, हॉलिवूडच्या मानाने काहीच नाही. मग जे नाही ते कुठून आणायचं? तर शहरातूनच. सेट लावायला पैसे नाहीत तर खऱ्या बारमध्ये शूटिंग, तेही बार चालू ठेवून, म्हणजे मागे जे लोक पितायत, बोलतायत ते त्या रात्री तिथे आलेलेच लोक आहेत. कॅमेरा लायमन स्वतः खांद्यावर घेऊन चालवायचा, मोठे लाइट लावायचे नाहीत, जेवढा उजेड असेल तेवढ्यात काम भागवायचं. त्यामुळे चित्र जरा दाणेदार आहे, कडा अंधाऱ्या आहेत, आणि रात्री बारमध्ये आपल्याला जेवढं दिसतं ना तेवढंच दिसतं. अजून एक गोष्ट मला फार आवडते, ही पोरं एकत्र फिरतात पण प्रत्येक जण आपापल्या गाडीतून, एका बारमधून निघाले की गाड्यांची रांग पुढच्या बारकडे. लॉस एंजेलिस असंच आहे, गाडीशिवाय तिथे माणूस जागचा हलत नाही, आणि त्यामुळे रात्रीच्या शेवटी प्रत्येक जण गाडीत एकटा असतो.

आता स्विंगचं, कारण हे कळल्याशिवाय ती पोरं आजोबांच्या काळातले शर्ट घालून का फिरतायत ते कळत नाही.

हे म्युझिक आणि तो नाच मुळात न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या काळ्या लोकांचा. १९२६ ला तिथे सव्हॉय बॉलरूम उघडला, तिथे लिंडी हॉप नावाचा नाच तयार झाला. पण सगळ्या देशात लाट आली ती लॉस एंजेलिसमधून. क्लॅरिनेट वाजवणारा बेनी गुडमन १९३५ मध्ये बँड घेऊन न्यूयॉर्कवरून निघाला, रस्त्यात बऱ्याच ठिकाणी आपटला, डेन्व्हरला तर लोकांना अजिबात आवडलं नाही, आणि २१ ऑगस्टला लॉस एंजेलिसच्या व्हरमाँट अॅव्हेन्यूवरच्या पालोमार बॉलरूममध्ये घाबरत घाबरत गुळमुळीत गाणी सुरू केली. पब्लिक थंड. मग बँडवाल्यांनी ठरवलं मरायचंच आहे तर आपलं वाजवून मरू, आणि फ्लेचर हेंडरसन या काळ्या अरेंजरच्या गरमागरम अरेंजमेंट काढल्या, आणि पोरं अक्षरशः स्टेजपाशी धावली. कारण काय तर गुडमनचा रेडिओ प्रोग्राम न्यूयॉर्कला फार उशिरा रात्री लागायचा, लोक झोपलेले, पण कॅलिफोर्नियाचं घड्याळ तीन तास मागे, त्यामुळे तिथल्या कॉलेजच्या पोरांनी हे सगळं आधीच ऐकून पाठ केलं होतं. स्विंगचा जमाना इथून सुरू झाला असं मानतात. मग युद्ध आलं, १९४३ च्या जूनमध्ये याच शहरात ढगळ झूट सूट घालणाऱ्या मेक्सिकन पोरांना नौदलाच्या सैनिकांनी रस्त्यात गाठून मारलं, १९४४ मध्ये नाचगाण्याच्या जागांवर सरकारने ३० टक्के टॅक्स लावला, मोठे बँड परवडेनात, नाचायच्या जागा कमी झाल्या. सव्हॉयचा सगळ्यात भारी नाचणारा फ्रँकी मॅनिंग पोस्टात नोकरीला लागला आणि तिथे तीस वर्षं राहिला. १९८० च्या दशकात तरुण पोरं त्याला शोधत आली की आम्हाला शिकवा, त्यात कॅलिफोर्नियाच्या पासाडेनाची पण मंडळी होती, म्हणून हा नाच वाचला.

जाता जाता आपल्याकडचं पण सांगतो, कारण ही लाट मुंबईपर्यंत आलेली. पालोमारची ती रात्र झाली त्याच १९३५ मध्ये लिऑन अॅबी आपला काळ्या वादकांचा बँड घेऊन मुंबईच्या ताजमध्ये वाजवायला आला होता, त्या आणि नंतरच्या बँडांना ऐकून आपले गोव्याचे वादक तयार झाले, आणि हळदोण्याचा ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट पुढे सी. रामचंद्रांबरोबर ‘अलबेला’त (१९५१) होता. म्हणजे भगवानदादांच्या पिक्चरमधली ती उड्या मारणारी गाणी आणि लॉस एंजेलिसच्या या पोरांच्या पिक्चरमधला बँड, दोन्ही एकाच घरातले. मी ‘स्विंगर्स’ पहिल्यांदा पाहिला तेव्हा ब्रास सेक्शन सुरू झाल्यावर मला हे म्युझिक ओळखीचं का वाटतंय ते कळेना, नंतर कळलं.

तर १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला काय झालं, सगळीकडे ग्रंज नावाचं खरखरीत रॉक म्युझिक होतं, फाटक्या जीन्स, चौकड्यांचे शर्ट, सगळे उदास. त्याचा कंटाळा येऊन काही पोरं उलट्या दिशेने गेली, सूट, हॅट, मार्टिनी, जोडीने नाचणं. लॉस फेलिझ भागात एका जुन्या ब्राउन डर्बी रेस्टॉरंटच्या बिल्डिंगमध्ये १९९३ मध्ये ‘द डर्बी’ क्लब सुरू झाला, वर लाकडी घुमट आणि खाली डान्स फ्लोअर, तिथे आधी रॉयल क्राउन रिव्ह्यू आणि मग बिग बॅड वूडू डॅडी हे बँड वाजवायचे. फॅव्हरो आणि मंडळी तिथेच पडीक असायची. पिक्चरमध्ये माइक शेवटी लॉरेन नावाच्या मुलीबरोबर (हेदर ग्रॅहम) जिथे नाचतो ते हेच डर्बी, बँड पण खरा, बिग बॅड वूडू डॅडीच. आणि किचनच्या मागच्या दाराने आत जाण्याचा जो लांब शॉट आहे तो डायरेक्टर स्कॉर्सेसीच्या ‘गुडफेलाज’वरून (१९९०) घेतलाय, आणि हे लपवलेलं नाही, कॅरेक्टर्स स्वतःच आधी बसून कोण कुणाची कॉपी करतो यावर वाद घालतात.

पिक्चरमधला लास वेगासचा भाग पण याच ओढीतून आलेला. १९६० च्या सुरुवातीला सिनात्रा, डीन मार्टिन, सॅमी डेव्हिस ज्युनिअर ही गायक-नटांची गँग वेगासच्या सँड्स हॉटेलमध्ये रात्री स्टेज गाजवायची, या पोरांच्या डोक्यात तेच वेगास. माइक आणि ट्रेंट सूट घालून, मध्यरात्री गाडी हाणत पोचतात, आणि आत बघतात तर म्हातारे टुरिस्ट शांतपणे बसलेत. माइक शंभर डॉलरच्या ब्लॅकजॅक (पत्त्यांचा जुगार) टेबलवर चुकून बसतो आणि सगळं घालवतो. तो सीन हसवतो पण आत कुठेतरी टोचतं, कारण ही पोरं ज्या पार्टीला आलीत ती ३५ वर्षांपूर्वीच संपलेली असते. पिक्चर यायच्या आधी, १९९५ च्या ख्रिसमसला डीन मार्टिन गेले, आणि रिलीजनंतर दीड महिन्याच्या आतच, २६ नोव्हेंबर १९९६ ला, सँड्सचा टॉवर स्फोटकं लावून पाडला.

पण मला विचाराल तर पिक्चरचा जीव एकाच सीनमध्ये आहे, आन्सरिंग मशीनच्या, म्हणजे फोन उचलला नाही की निरोप रेकॉर्ड करणाऱ्या यंत्राच्या. माइकला बारमध्ये निकी नावाची मुलगी नंबर देते, मित्र सांगतात लगेच फोन करू नको, दोन-तीन दिवस थांब, आणि हा त्याच रात्री दोन-अडीचला घरी येऊन फोन लावतो. मशीन उचलतं. हा बोलतो, बीप वाजून तुटतं, परत लावतो, आधीचं सुधारायला जातो, अजून बिघडतं, परत लावतो, असं करत करत समोरची मुलगी एकदाही बोललेली नाही तेवढ्यात हा तिच्याशी ओळख, स्पष्टीकरण, भांडण आणि ब्रेकअप सगळं करून बसतो. मग ती फोन उचलते, परत कधी फोन करू नको एवढंच सांगते. यात फॅव्हरो एकटा आहे, रिकाम्या खोलीत, समोर रिअॅक्शन द्यायला कुणी नाही, आणि ते शिकागोचं इम्प्रोव्ह इथे उपयोगी पडलं असणार असं मला वाटतं. घरी आला की त्याचं स्वतःचं मशीन त्याला सांगतं, तिचा, म्हणजे जुन्या गर्लफ्रेंडचा, फोन आला नाही. माझ्या कॉलेजच्या दिवसांत आमच्याकडे मशीन नव्हतं, हॉलमध्ये लँडलाइन होता आणि घरातल्या सगळ्यांसमोर रिंग वाजायची, तरी फोनकडे बघत बसणं म्हणजे काय ते मला पक्कं माहितीये.

मिरामॅक्स या डिस्ट्रिब्युशन कंपनीने पिक्चर जवळजवळ ५० लाख डॉलरला घेतला, थिएटरमध्ये धंदा साधारण ४५ लाखांचा, म्हणजे हिट वगैरे नाही. खरा चालला तो व्हिडिओवर. पोरं कॅसेट आणून एकत्र बघायची आणि ट्रेंटचे डायलॉग बोलायची. लायमनला १९९७ मध्ये एमटीव्हीचं नव्या डायरेक्टरचं अवॉर्ड मिळालं, पुढे त्याने ‘द बोर्न आयडेंटिटी’ (२००२) केला, स्पीलबर्गने विन्स व्हॉनला ज्युरासिक पार्कच्या दुसऱ्या भागात (१९९७) घेतलं, लिव्हिंगस्टनला ‘ऑफिस स्पेस’ (१९९९) मिळाला, आणि फॅव्हरोने २००८ मध्ये ‘आयर्न मॅन’ डायरेक्ट केला, ते सगळ्यांना माहितीये.

स्विंगचं मात्र मला वाईट वाटतं. पिक्चरनंतर ते डर्बीपुरतं राहिलंच नाही, १९९८ मध्ये गॅप या कपड्यांच्या कंपनीची खाकी पँटची जाहिरात स्विंग नाचत आली, जानेवारी १९९९ मध्ये बिग बॅड वूडू डॅडी सुपर बोलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या फायनलच्या, हाफटाइमला वाजवत होते, आणि मग एक-दोन वर्षांत लाट ओसरली. १९९८ पासून कॅलिफोर्नियाच्या बारमध्ये सिगरेट बंद झाली, त्यामुळे पिक्चरमध्ये दिसतं तसं धुरकट बार आता तिथे दिसत नाही. डर्बीच्या बिल्डिंगला २००६ मध्ये शहराने वारसा म्हणून संरक्षण दिलं म्हणून ती उभी आहे, क्लब गेला, तिथे बँकेची शाखा आली.

पण ड्रेसडेन राहिलं, माइकला निकी भेटते तो बार, तोही त्याच व्हरमाँट अॅव्हेन्यूवर, जिथे काही किलोमीटर खाली कधीतरी पालोमार होतं. पिक्चरमध्ये तिथे एक वयस्कर जोडपं ‘स्टेइंग अलाइव्ह’ गाताना दिसतं, चमकदार कपडे, अगदी मन लावून. ते मार्टी आणि एलेन, खरे नवरा-बायको, १९८० च्या दशकापासून तिथे गाणारे. कॅमेरा निघून गेल्यावरही ते पंचवीसेक वर्षं तिथेच गात राहिले, एकटे आलेले लोक बारवर बसून ऐकायचे, २०२२ मध्ये मार्टी गेले तोपर्यंत.