न्यू ऑर्लिन्सचं ‘विषारी सूप’
2005 च्या ऑगस्टअखेर कतरीना चक्रीवादळात बांध फुटले, अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहराचा सुमारे 80 टक्के भाग बुडाला आणि ‘शहर रसायनांच्या सुपात बुडालंय’ अशी आवई उठली. ती अजून फिरते. पुराच्या पाण्याचे नमुने तपासले तेव्हा बहुतेक रसायनं एरवीच्या पावसाळी गटारात असतात तेवढीच निघाली. घात केला तो जंतूंनी. जखमेतून व्हिब्रिओ हा पाण्यातला जीवाणू शिरला आणि काही माणसं दगावली.

तेल सांडलं हे मात्र खरं, पण शेजारच्या सेंट बर्नार्डमध्ये: रिफायनरीची टाकी जागची हलली आणि 10 लाख गॅलनांहून जास्त कच्चं तेल वस्तीत पसरलं.

पाणी ओसरल्यावर आणखी एक धोका होता. वीज नाही म्हणून दाराशीच लावलेला जनरेटर; त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइड या जीवघेण्या वायूला तर वासही नसतो.