कन्सोल तोट्यातच विकतात? अर्धंच खरं

"घ्या हो, कंपनी पदरचे घालून विकते हे. कमाई सगळी गेममधनं." बेळगावच्या खडेबाजारात पोरगा वडलांना घेऊन कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र, बघायला आला की काउंटरवरनं हे वाक्य येतंच. वडील विरघळतात. आपलाच फायदा, की!

सोनीच्या प्लेस्टेशन ३ या कन्सोलच्या बाबतीत ते खरं होतं. २००६ साली अमेरिकेत तो ४९९ आणि ५९९ डॉलरला आला. आतला ब्लू-रे ड्राइव्ह (डिस्क वाचणारा भाग) नि सेल प्रोसेसर (मुख्य चिप) इतके महाग, की एवढी किंमत लावूनही सोनीला नगामागे झळ बसायची. पण त्याच नोव्हेंबरात निन्टेंडोनं २४९ डॉलरला 'वी' (Wii) हा कन्सोल आणला. एचडी म्हणजे जास्त स्पष्ट चित्र नाही, चिप जुन्या धाटणीची. म्हणून पहिल्यापासून नफा. म्हणजे महागडा तोट्यात आणि स्वस्तातला फायद्यात!

तोटा कायमचाही नसतो. ४९९ डॉलरचा डिस्कवाला प्लेस्टेशन ५ बाजारात आल्यावर वर्षाच्या आत तोट्यातनं बाहेर आल्याचं सोनीनं २०२१ मध्ये सांगितलं. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टच्या अधिकाऱ्यानं अमेरिकेतल्या कोर्टात साक्ष दिली, की एक्सबॉक्स या आमच्या कन्सोलच्या विक्रीवर आम्ही कधीच नफा कमावला नाही. तिथं दुकानदाराचं वाक्य चपखल बसतं. बाकी ठिकाणी कंपनी बघून बोलावं.

जाता जाता दुसरी अफवा: "कोगनोळी नाका (कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवरचा) ओलांडून कोल्हापुरात घ्या, टॅक्स कमी." १ जुलै २०१७ पासून जीएसटी दोन्ही राज्यांत सारखाच. दुकानदारानं सूट दिली तर गोष्ट वेगळी, पण पेट्रोलचा हिशोब आधी करा.