दहा डॉलरांची जिम: प्लॅनेट फिटनेसचा हिशोब कसा जमला

अमेरिकेतल्या प्लॅनेट फिटनेस या साखळीची ओळख एका आकड्यात होते: महिन्याला १० डॉलर. १९९८ पासून जून २०२४ पर्यंत तिच्या साध्या सभासदत्वाचा हा भाव हलला नाही. दरम्यान दूध, भाडी, पगार, विजेची बिलं सगळं वाढलं. तरीही साखळी बुडाली नाही, उलट २०२४ अखेर तिची २,७०० हून अधिक केंद्रं आणि जवळपास दोन कोटी सभासद झाले. हे कसं जमलं, हे समजून घ्यायला जिममध्ये काय आहे यापेक्षा काय नाही, हे आधी पाहावं लागतं.

न्यू हॅम्पशायर राज्यातल्या डोव्हर या छोट्या गावात १९९२ साली मायकेल आणि मार्क ग्रॉन्डाल या भावांनी एक तोट्यातली जिम विकत घेतली आणि फी उतरवली. पुढच्याच वर्षी ख्रिस राँडो हा तरुण तिथे काउंटरवर कामाला लागला. २०१३ मध्ये तो कंपनीचा मुख्य कार्यकारी अधिकारी झाला. तेव्हाचा अमेरिकेतला जिमचा धंदा साधारण दोन साच्यांत चालायचा. एक, १९६५ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या गोल्ड्स जिमच्या वळणाची, वजनं उचलणाऱ्यांची जिम. दुसरा, पोहण्याचा तलाव, कोर्ट, एरोबिक्सचे वर्ग, मुलं सांभाळण्याची सोय असा थाटाचा क्लब. दोन्हींची ओढाताण एकाच गिऱ्हाइकासाठी, म्हणजे आधीपासून व्यायाम करणाऱ्यासाठी. डोव्हरच्या मंडळींनी उरलेल्यांकडे पाहिलं. जिमची पायरी चढायला लाजणारा माणूस १० डॉलर सहज देईल, आणि तो रोज येणार नाही. यातलं पहिलं वाक्य जाहिरातीत आलं, दुसरं फक्त ताळेबंदात.

मग काटछाट. तलाव म्हणजे पाणी तापवणं, क्लोरीन, जीवरक्षक आणि विम्याचा हप्ता. तो गेला. सामूहिक वर्ग, पाळणाघर, ज्यूसचा काउंटर यांना माणसं लागतात. तेही गेले. राहिली सुमारे २०,००० चौरस फुटांची एक मोठी खोली आणि तीत ओळीनं मांडलेल्या ट्रेडमिल, इलिप्टिकल, सायकली. वजनाच्या विभागात बारबेल मोकळा न ठेवता रुळांमध्ये अडकवलेलं स्मिथ मशीन ठेवलं. स्क्वॉट रॅक, म्हणजे जड बारबेल खांद्यावर घेऊन बैठका मारायची चौकट, ठेवला नाही, डंबेलही एका मर्यादेपर्यंतच. कुणी हुंकार देत वजन आपटलं तर भोंगा वाजतो, त्याला ते ‘लंक अलार्म’ म्हणतात. ‘इथे तुम्हाला कुणी नावं ठेवणार नाही’ या घोषवाक्याशी हे सगळं जुळतं, पण आकड्यांशी त्याहून चांगलं जुळतं. जड वजनं उचलणारा आठवड्यातून पाच दिवस येतो, दीड-दीड तास रॅक अडवतो, लाद्या फोडतो आणि फी इतरांइतकीच देतो. या धंद्यात सर्वांत महाग सभासद तोच.

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी फुकट पिझ्झा वाटण्याची प्रथाही अनेकांना थट्टेची वाटायची. एका केंद्रात गरम पाणी बंद पडलं, त्याची भरपाई म्हणून ती सुरू झाली, असं कंपनीतली मंडळी सांगतात. पिझ्झ्याच्या तुकड्याचा खर्च किरकोळ, आणि तो खायला येणारा माणूस ‘आपण अजून सभासद आहोत’ या समजुतीत राहायचा.

आता कच्चा हिशोब. २०१५ च्या आसपास एका केंद्राला सरासरी ६,५०० सभासद होते. अमेरिकी सार्वजनिक रेडिओच्या पत्रकारांनी २०१४ मध्ये दाखवून दिलं की अशा केंद्रात एका वेळी साधारण ३०० माणसंच मावतात. साध्या कार्डाशेजारी तेव्हा २० डॉलरांचं ‘ब्लॅक कार्ड’ होतं: देशातलं कोणतंही केंद्र वापरा, सोबत एक पाहुणा आणा, मसाज खुर्चीत बसा. खुर्ची एकदाच विकत घ्यायची, त्यामुळे वरचे १० डॉलर बहुतेक नफ्यातच जमा. साठ टक्के लोकांनी हे कार्ड घेतलं असं धरलं तर २,६०० जणांचे २६,००० आणि ३,९०० जणांचे ७८,०००, म्हणजे महिन्याला १,०४,००० डॉलर. शिवाय वर्षातून एकदा ३९ डॉलरांचं वार्षिक शुल्क होतं, पुढे ते ४९ झालं. जाहिरातीतले १० डॉलर या शुल्कासह महिन्याला १३.२५ पडायचे. हा वरचा सव्वातीन डॉलरांचा भाग फलकावर कधी मोठ्या अक्षरांत नसे.

न येणाऱ्यांवर जिम चालते, ही नुसती टपरीवरची चर्चा नाही. स्टेफानो डेलाविन्या आणि उलरिके माल्मेंडियर या अर्थशास्त्रज्ञांनी न्यू इंग्लंडमधल्या तीन क्लबांच्या नोंदी तपासून २००६ मध्ये निबंध प्रसिद्ध केला. महिन्याला ७० डॉलरांहून जास्त भरणारे सभासद सरासरी ४.३ वेळाच येत होते. एका फेरीचे १७ डॉलरांहून जास्त पडत होते, आणि तिथेच १० डॉलरांत एक फेरी मिळण्याची सोय होती. शेवटची फेरी आणि सभासदत्व रद्द करणं यांत सरासरी दोन महिन्यांहून अधिक काळ गेलेला होता. सत्तर डॉलर जात असताना एवढा आळस, तर दहा डॉलरांसाठी कोण कधी उठणार?

म्हणून फी कशी वसूल होते, हा या धंद्याचा खरा सांधा. रोख नको, शक्यतो क्रेडिट कार्डही नको, बँक खात्याचा क्रमांक द्या. कार्डाची मुदत तीन-चार वर्षांत संपते, की वसुली तुटते आणि माणसाला आपलं सभासदत्व आठवतं. खातं मात्र संपत नाही. सहसा महिन्याच्या १७ तारखेला रक्कम आपोआप वळती होते. रद्द करायचं तर अनेक वर्षं केंद्रात स्वतः जावं लागे किंवा पत्र पाठवावं लागे. ज्या जागी जायचं टाळलं, तिथेच ‘मी येणार नाही’ हे सांगायला जायचं. आपल्याकडच्या जिम वर्षाचं पॅकेज एकरकमी विकतात, त्यामुळे विसरण्याचा फायदा मालकाला पहिल्याच दिवशी मिळतो, पण नूतनीकरणासाठी दरवर्षी गिऱ्हाइकाची मनधरणी करावी लागते. शिवाय ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे कार्डावरून आपोआप पैसे कापण्याआधी किमान २४ तास ग्राहकाला सूचना जाते. दरमहा अशी आठवण करून देणारा संदेश हा प्लॅनेट फिटनेसच्या पद्धतीला सरळ मारक आहे.

विस्तार झाला तो फ्रँचायझीतून, २००३ पासून. फ्रँचायझी घेणारा जागा आणि भांडवल आणतो, कंपनी नाव देते आणि रॉयल्टी, म्हणजे वसुलीतला ठरावीक हिस्सा, घेते. पुढे हा दर ७ टक्क्यांवर गेला. पण यंत्रंही कंपनीकडूनच घ्यायची आणि ठरावीक वर्षांनी बदलायची, अशी अट करारात असते. शेअर बाजारात उतरताना हा अवधी चार ते सात वर्षं होता. त्यामुळे २०१९ च्या सुमारे ६९ कोटी डॉलरांच्या उत्पन्नात तिसऱ्या भागाहून जास्त वाटा यंत्रविक्रीचा होता. २००८ च्या मंदीनंतर ओस पडलेली सुपरमार्केटं आणि मोठी दुकानं स्वस्तात मिळाली, वर गाडीतळ आयता. दहा डॉलरांच्या गणितात जागेचं भाडं वाढून चालतच नाही. २०१२ मध्ये टीएसजी या गुंतवणूक कंपनीनं बहुसंख्य हिस्सा घेतला, ऑगस्ट २०१५ मध्ये १६ डॉलर भावानं शेअर विक्रीला आला.

मार्च २०२० मध्ये सगळी केंद्रं बंद झाली, वसुलीही थांबली. त्याच वर्षी गोल्ड्स जिम, २४ अवर फिटनेस आणि टाउन स्पोर्ट्स दिवाळखोरीत गेल्या. गोल्ड्स विकत घेतली ती जर्मनीतल्या मॅकफिट या स्वस्त साखळीच्या मालक गटानं. प्लॅनेट फिटनेस तगली, पण २०२२ नंतर व्याजदर आणि बांधकामाचा खर्च चढला तसे फ्रँचायझीवाले नवी केंद्रं काढायला कुरकुरू लागले. सप्टेंबर २०२३ मध्ये राँडोला संचालक मंडळानं दूर केलं. त्यानंतर यंत्रं बदलण्याची मुदत लांबवण्यात आली, आणि जून २०२४ च्या अखेरीस नव्या सभासदांसाठी भाव १५ डॉलर झाला.

जुन्यांना मात्र १० डॉलरच. सभासदत्व चालू आहे तोपर्यंत. रद्द करून परत आलात तर १५.