हेझी आयपीएच्या मार्कांचा घोळ कुठून सुरू झाला

हेझी म्हणजे गढूळ, आणि अशा आयपीएला (इंडिया पेल एल, बिअरचा एक प्रकार) स्पर्धेत मार्क कसे द्यायचे यावर मोठा घोळ झाला. आयपीए गोऱ्या साहेबांसाठी बोटीतून मुंबई-कलकत्त्याला यायची, भरपूर हॉप्समुळे (बिअरला कडूपणा आणि वास देणारी फुलं) टिकायची, ही स्टोरी बिअरवाल्यांना पाठ असते, ती सोडून देऊ. तसंही आज ग्लासात नाक घालून आपण जे शोधतो त्याचा त्या बिअरशी संबंध नावापुरताच उरलाय. आपल्या कामाची गोष्ट सुरू होते 1972 ला, अमेरिकेत ओरेगनमध्ये तयार झालेला कॅस्केड हॉप बाजारात आला तेव्हा. 1975 ला सॅन फ्रान्सिस्कोच्या एका जुन्या ब्रुअरीनं तो एका एलमध्ये सढळ हातानं वापरला, 1980 ला कॅलिफोर्नियातल्याच चिको गावातल्या एका नव्या ब्रुअरीनं त्यावर पेल एल उभी केली, आणि ग्रेपफ्रूट-पाइनचा वास म्हणजे क्राफ्ट बिअर असं समीकरण होऊन बसलं.

परीक्षणाची चौकट याच वातावरणात तयार झाली. होमब्रू (घरी बनवलेल्या बिअरच्या) स्पर्धांच्या परीक्षकांची मोठी संघटना 1985 ची, तिची मार्कपत्रिका 50 ची: वास 12, दिसणं 3, चव 20, माउथफील (तोंडात जाणवणारा पोत) 5, एकूण मत 10. हे आकडे लक्षात ठेवा, पुढे लागतील. जोडीला आयबीयू, म्हणजे कडूपणा मोजायचा आकडा, होतंच. ढोबळमानानं लिटरमागे एक मिलिग्रॅम आयसो-अल्फा ॲसिड (हॉप्समधून येणारं मुख्य कडू द्रव्य) म्हणजे 1 आयबीयू, पण मशीन बघतं ते 275 नॅनोमीटरला किती प्रकाश शोषला जातो एवढंच, आणि ही पद्धत ड्राय हॉपिंगचा (न उकळता, थंड बिअरमध्ये हॉप्स घालण्याचा) इतका मारा सुरू व्हायच्या खूप आधीची आहे. ड्राय हॉपिंगमध्ये ह्युम्युलिनोन, पॉलीफेनॉल अशी हॉप्समधली दुसरी द्रव्यं उतरतात आणि तीही मशीनच्या आकड्यात मिसळतात, उलट थोडं आयसो-अल्फा निघूनही जातं, त्यामुळे बोर्डावर 60 लिहिलेली बिअर जिभेला गोड लागू शकते. तरी लोक अजून आकडा बघूनच ऑर्डर देतात, असो.

मग अमेरिकेतलं व्हरमाँट राज्य. तिथल्या वॉटरबरीत एका छोट्या पबमध्ये मिळणारी गढूळ डबल आयपीए (जास्त तगडी आयपीए) 2011 ला कॅनमध्ये आली, आणि कॅनवर चक्क छापलेलं की कॅनमधूनच प्या. वास टिकतो म्हणून, असं ब्रुअरचं म्हणणं. टेस्टिंगवाल्यांच्या सगळ्या शिकवणीच्या हे उलट, कारण ग्लासाशिवाय वास नीट येत नाही, फेस दिसत नाही, रंग दिसत नाही. त्याच सुमारास सिट्रा, मोझेक असे आंबा-पपईच्या वासाचे हॉप्स हाताशी आले होते, ओट्स आणि गहू घालून बॉडी मऊ करायची युक्ती सगळ्यांना कळली होती, आणि दिसायला अननसाच्या ज्यूससारख्या बिअरसाठी रांगा लागायला लागल्या.

खरं भांडण इथून पुढे. या बिअर स्पर्धेत अमेरिकन आयपीएच्या गटातच उतरवाव्या लागायच्या, आणि तिथे नितळपणा आणि रोखठोक कडूपणा अपेक्षित. सगळे म्हणतात गढूळपणामुळे मार्क जायचे. पण वरची पत्रिका बघा, दिसण्याला जेमतेम 3 मार्क, त्यात रंग आणि फेसही आला, मग गढूळपणाचे जाऊन जाऊन जाणार किती? खरा फटका चवीच्या 20 मध्ये बसायचा, कारण कडूपणा कमी म्हणजे स्टाइल चुकली. हे फारसं कुणी बोललं नाही, सगळी चर्चा नितळ की गढूळ यावरच अडकली.

2018 ला अमेरिकन ब्रुअर्सच्या संघटनेनं ज्युसी किंवा हेझी अशा वेगळ्या स्टाइल्स जाहीर केल्या, आणि जाणवणारा कडूपणा मोजलेल्या आयबीयूपेक्षा बराच वेगळा असू शकतो हेही त्यातच लिहून टाकलं, म्हणजे आकड्यावरचा भरवसा अधिकृतपणेच सैल झाला. त्याच वर्षी डेन्व्हरच्या मोठ्या स्पर्धेत या आयपीए गटात 391 बिअर आल्या, इतर कुठल्याही गटापेक्षा जास्त. होमब्रूवाल्या संघटनेनं आधी न्यू इंग्लंड आयपीए अशी तात्पुरती नोंद केली आणि 2021 ला हेझी आयपीए म्हणून पक्की जागा दिली. त्यातली कसरत मजेशीर आहे: बिअर पूर्ण अपारदर्शक चालेल पण मळकट नको, तरंगणारे हॉप्सचे कण किंवा यीस्टच्या गुठळ्या हा दोष. माझ्या मते वेगळा गट करायलाच हवा होता, पण दिसण्यावरून नाव दिल्यानं आळशी ब्रुअरना आयतं कव्हर मिळालं. नुसतं यीस्ट खाली बसू न दिलेली बिअर आणि प्रोटीन-पॉलीफेनॉलमुळे हेझी झालेली बिअर डोळ्यांना कधी कधी सारखीच दिसते, फरक कळतो तोंडात, घशाला खरखर जाणवते तेव्हा.

ताजेपणाचा मुद्दा मागाहून मोठा झाला. ऑक्सिजन लागला की हेझीचा रंग करडा-तपकिरी होत जातो आणि आंब्याच्या वासाच्या जागी पुठ्ठा येतो, त्यामुळे कॅनवरची तारीख बघितल्याशिवाय कुठलंही मत देऊ नये. पुण्यात 2009 पासून मायक्रोब्रुअरी आहेत आणि तिथे टँकमधून थेट ग्लासात येते हा आपला फायदा, हॉप्स मात्र बहुतेक बाहेरूनच येतात. तिकडे अमेरिकेत पुन्हा नितळ, कडू बिअरची हवा आहे, आणि हेझीला वेगळी खोली देणाऱ्या अमेरिकन ब्रुअर्सच्या त्याच संघटनेला आता वेस्ट कोस्ट आयपीएलाही वेगळी खोली द्यावी लागली आहे.