एकिनेशिया (जांभळे शंकुफूल)

सूर्यफूल कुलातील (ॲस्टरेसी) बहुवर्षायू फुलझाड. शास्त्रीय नाव एकिनेशिया पर्पुरिया. मूळचे उत्तर अमेरिकेच्या मध्य व पूर्व भागातील. प्रेअरीच्या, म्हणजे तिथल्या विस्तीर्ण गवताळ मैदानांच्या, गवतात आणि विरळ रानाच्या कडेला ते आपसूक वाढते. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ कॉनराड म्यॉन्श यांनी १७९४ मध्ये एकिनेशिया ही प्रजाती (जीनस) वेगळी केली. नाव आले ते हेजहॉग या काटेरी प्राण्याच्या ग्रीक नावावरून. फुलाच्या मध्यावरून एकदा बोट फिरवले, की नाव का पडले ते कळते.

एक फूल म्हणून आपण पाहतो तो खरे तर शेकडो पुष्पकांचा, म्हणजे इवल्या फुलांचा, गुच्छ असतो. कडेच्या खाली झुकलेल्या जांभळट-गुलाबी पाकळ्या, म्हणजे किरण-पुष्पके, वांझ असतात. त्यांचे काम फक्त बोलावण्याचे. मध आणि पराग मधल्या शंकूत. त्यातली बिंब-पुष्पके कडेकडून मध्याकडे एकेक फेर धरत उमलतात, त्यामुळे एकच फूल कितीतरी दिवस मधमाश्यांना पुरते. केसाळ बंबल माश्या, एकेकट्या राहणाऱ्या रानमाश्या आणि मोनार्क फुलपाखरे त्यावर येतात. म्हणूनच परागणासाठी बाग करायची असेल तर दुहेरी फुलांचे वाण टाळावेत. त्यांत शंकूच्या जागी पाकळ्यांचा झुपका येतो. दिसायला भरगच्च, पण कीटक उपाशी.

लागवडीला भरपूर ऊन आणि निचऱ्याची जमीन लागते. बी ओलसर वाळूत मिसळून महिनाभर थंडीत ठेवले की उगवण सुधारते. शरद ऋतूत उघड्यावर पेरले तर हे काम हिवाळाच करतो. रोपांत ४५ ते ६० सेंमी अंतर ठेवावे. झाड ६० ते १२० सेंमी वाढते आणि बियांपासून केले तर बहुधा दुसऱ्या वर्षी फुलते. खत जास्त झाले तर दांडे लोळतात. शेजारी लिॲट्रिस व मोनार्डा ही फुलझाडे आणि लिटल ब्लूस्टेम गवत शोभते. तुडतुड्यांमुळे पसरणाऱ्या ‘ॲस्टर यलोज’ या रोगात फुले हिरवी, वेडीवाकडी होतात; त्यावर उपाय नाही, झाड मुळासकट उपटावे.

फुले सुकली की छाटण्याची घाई करू नये. गोल्डफिंच पक्षी वाळलेल्या शंकूवर बसून बिया टिपतात, आणि वसंतात अर्धवट कापून ठेवलेल्या दांड्यांत काही रानमाश्या अंडी घालतात.

महाराष्ट्रात एकिनेशिया हे नाव बागेपेक्षा होमिओपॅथीच्या दुकानात अधिक परिचित आहे. तिथले औषध मुख्यतः एकिनेशिया अँगुस्टिफोलिया या अरुंद पानांच्या भगिनी-जातीचे. मैदानी प्रदेशातील मूळ अमेरिकी जमाती दातदुखीवर तिचे मूळ चघळत.