थंड केलेला रुग्ण, व्हेंटिलेटर आणि श्वासातले पाणी: एचएमई की गरम ह्युमिडिफायर?

व्हेंटिलेटरवरील रुग्णाच्या नळीपाशी दोनपैकी एक उपकरण दिसते. पहिले म्हणजे वाय-पीस (व्हेंटिलेटरच्या दोन नळ्या एकत्र येतात तो जोड) आणि एंडोट्रेकियल ट्यूब (तोंडावाटे श्वासनलिकेत घातलेली नळी) यांच्यामध्ये बसवलेली, मुठीत मावणारी प्लॅस्टिकची डबी, म्हणजे एचएमई (हीट अँड मॉइश्चर एक्स्चेंजर). तिला आयसीयूत बरेच जण नुसते ‘फिल्टर’ म्हणतात. दुसरे म्हणजे व्हेंटिलेटरच्या खालच्या बाजूला तापत्या तव्यावर ठेवलेले पाण्याचे पात्र आणि त्याला जोडलेल्या तारेच्या गरम नळ्या, म्हणजे हीटेड ह्युमिडिफायर. दोहोंचे काम एकच सांगितले जाते: नाक आणि घसा वगळून थेट श्वासनलिकेत जाणाऱ्या कोरड्या वायूला ऊब आणि ओल देणे. काम एक म्हणून उपकरणेही एकमेकांच्या जागी चालतील असे गृहीत धरले जाते. ३७ अंशांच्या रुग्णाच्या बाबतीत एक-दोन दिवसांपुरते ते पुष्कळदा खपूनही जाते. मात्र मेंदूच्या रक्षणासाठी रुग्णाचे तापमान ३३ अंशांवर आणले की ही दोन उपकरणे विरुद्ध दिशांना चुकू लागतात.

फरकाचे मूळ पाणी येते कोठून यात आहे. एचएमईमध्ये पाण्याचा स्वतःचा साठा नसतो. रुग्णाच्या उच्छ्वासातली वाफ आतल्या घडीदार कागदावर किंवा स्पंजावर थंड होऊन थांबते आणि पुढचा श्वास ती परत घेऊन जातो. म्हणजे रुग्णाचीच ओल रुग्णाला परत मिळते, तीही थोडी वजावट होऊन. गरम ह्युमिडिफायर आपले पाणी आणि आपली उष्णता बाहेरून आणतो; रुग्ण तापलेला आहे की गारठलेला, याच्याशी त्याला कर्तव्य नसते.

येथे आर्द्रतेच्या दोन मापांचा घोळ आधी सोडवावा लागतो, कारण बेडपाशी होणाऱ्या बहुतेक चुका त्यातूनच निघतात. सापेक्ष आर्द्रता म्हणजे त्या तापमानाला वायू जेवढी वाफ धरू शकतो तिच्यापैकी किती टक्के त्यात आहे. निरपेक्ष आर्द्रता म्हणजे एका लिटर वायूत प्रत्यक्ष किती मिलिग्रॅम पाणी आहे. ३७ अंशांना पूर्ण संपृक्त वायूत लिटरला सुमारे ४४ मिलिग्रॅम पाणी असते, ३३ अंशांना सुमारे ३६, ३० अंशांना सुमारे ३० आणि २२ अंशांच्या खोलीत जेमतेम १९. या चारही ठिकाणी सापेक्ष आर्द्रता १०० टक्केच आहे. म्हणून ‘आर्द्रता शंभर टक्के आहे’ या वाक्यातून श्वासनलिकेला किती पाणी मिळते ते मुळीच कळत नाही. अमेरिकन असोसिएशन फॉर रेस्पिरेटरी केअरच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनाही निरपेक्ष आर्द्रतेतच बोलतात: गरम ह्युमिडिफायरने लिटरला ३३ ते ४४ मिलिग्रॅम द्यावे, एचएमईने किमान ३०.

आता रुग्ण थंड करा. समजा, एखादी एचएमई दर लिटरमागे ७ मिलिग्रॅम पाणी गमावते. नेहमीच्या रुग्णाचा उच्छ्वास ट्यूबच्या तोंडाशी ३४ अंशांचा असेल तर त्यात सुमारे ३७ मिलिग्रॅम पाणी असते; वजावट जाऊन ३० परत मिळते आणि निकष जेमतेम गाठला जातो. तोच रुग्ण ३३ अंशांवर आणला आणि उच्छ्वास ३० अंशांवर उतरला, की त्यात मुळातच ३० मिलिग्रॅम उरते आणि परत जाते २३ च्या आसपास. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? डबी बिघडलेली नसते, मुदतबाह्यही नसते. तिला मिळणारी शिदोरीच आटलेली असते.

त्याच मार्गदर्शक सूचनांत शरीराचे तापमान ३२ अंशांखाली असल्यास एचएमई वापरू नये असे म्हटले आहे. या आकड्याचा अर्थ अनेकदा उलटा लावला जातो: आपला रुग्ण ३३ वर, म्हणजे ३२ च्या वर, म्हणजे एचएमई चालेल. वरचा हिशेब पाहिला तर निकष ३३ लाच हातातून निसटलेला दिसतो. ३२ ही निषिद्धतेची रेषा आहे. तिच्या वरच्या बाजूला सगळे सुरक्षित आहे असा तिचा अर्थ नाही. २००६ साली ‘इंटेन्सिव्ह केअर मेडिसिन’ या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात, मध्यम प्रमाणात थंड केलेल्या रुग्णांत एचएमईने ओल कमी पडते आणि गरम ह्युमिडिफायरने ती जास्त होते, असे प्रत्यक्ष मोजून दाखवले होते.

कमी ओलीचा परिणाम मी एका रात्री जवळून पाहिला आहे. हृदय बंद पडून पुन्हा सुरू झालेला रुग्ण ३३ अंशांवर होता, थरथर थांबावी म्हणून स्नायू शिथिल करणारे औषध चालू होते आणि वाय-पीसला एचएमई होती. संध्याकाळी २२ असलेले पीक प्रेशर, म्हणजे वायू आत ढकलताना लागणारा सर्वाधिक दाब, पहाटेपर्यंत ३४ वर गेले. प्लॅटो प्रेशर, म्हणजे प्रवाह थांबल्यावर फुप्फुसात उरणारा दाब, मात्र १७ वर होते तसेच राहिले. फुप्फुस ताठरले असते तर प्लॅटोही चढले असते. एकटे पीक चढते तेव्हा अडथळा वाटेत असतो. डबी बदलली, आकडा हलला नाही. सक्शन कॅथेटर (कफ ओढून काढण्याची बारीक नळी) ट्यूबमध्ये अर्ध्यावर अडले. ट्यूब बदलल्यावर तिच्या आतल्या बाजूला वाळलेल्या डिंकासारखा पिवळट, कडक थर हाताला लागला. साडेसात मिलिमीटरच्या ट्यूबला आतून सर्व बाजूंनी एक मिलिमीटर थर बसला की साडेपाच मिलिमीटर वाट उरते, आणि प्रवाह संथ धरला तरी रोध सुमारे साडेतीन पट होतो. रात्रभर चार्टवर सक्शनपुढे ‘कफ अत्यल्प’ अशी नोंद होती आणि आम्ही सर्वांनी ती चांगली खूण मानली होती. थंड रुग्णाच्या श्वासनलिकेतील रोमकांची हालचाल मंदावते, औषधांमुळे खोकला गेलेला असतो. कफ दिसत नाही म्हणजे तो नाहीच, असे अशा रुग्णाबाबत कधीही धरू नये.

गरम ह्युमिडिफायरची चूक तुलनेने सौम्य आहे, असे माझे मत आहे. तो ३७ अंशांचा, ४४ मिलिग्रॅम पाणी असलेला वायू ३३ अंशांच्या श्वासनलिकेत सोडतो. त्या तापमानाला ३६ च मावते, म्हणून लिटरमागे सुमारे ८ मिलिग्रॅम पाणी आतच निथळते. मिनिटाला ७ लिटर वायू जात असेल तर दिवसाकाठी हे पाणी ८० मिलिलिटरच्या घरात जाते. कफ पातळ आणि भरपूर होतो, सक्शन वाढते. पण पातळ कफ ओढता येतो, वाळलेला थर येत नाही. दुसरी हरकत अशी घेतली जाते की गरम वायूने रुग्ण पुन्हा तापेल. हिशेब करून पाहिले तर निथळणाऱ्या वाफेची आणि वायूची मिळून उष्णता तीन वॅटच्या आत राहते, तर निश्चल पडलेले प्रौढ शरीर स्वतः ८० वॅटच्या आसपास उष्णता निर्माण करते. थंडावा देणाऱ्या यंत्राला हा भार जाणवणारही नाही. मिनिटाचा वायू कमी असलेल्या रुग्णात तर तो आणखी घटतो, आणि थंड केलेल्या शरीरात कार्बन डायऑक्साइड कमी तयार होत असल्याने तो वायू बहुधा कमीच ठेवावा लागतो. एचएमईने ट्यूबपुढे वाढवलेली मृत जागा (जिथला वायू फुप्फुसातील देवघेवीत भाग न घेता नुसता मागे-पुढे होतो) तेव्हा अधिक बोचते, ही एचएमईविरुद्धची आणखी एक बाजू.

मग ह्युमिडिफायरचे तापमान उतरवावे का? काही जण रुग्णाशी जुळवून घेण्यासाठी मास्कसाठीची, म्हणजे ३१ अंशांची सेटिंग लावतात. त्याने लिटरला ३२ मिलिग्रॅमच मिळते आणि आपण एचएमईच्या दोषाकडे परत सरकतो. शिवाय रुग्णाला तासाला पाव अंशाने वर आणताना ३३ वरून ३७ गाठायला सोळा तास लागतात, त्यात दोन पाळ्या बदलतात आणि उतरवलेली सेटिंग परत चढवायची कोणाच्या लक्षात राहत नाही. म्हणून ती ३७ लाच ठेवावी, नळ्यांत साठलेले पाणी रुग्णाच्या दिशेने न जाऊ देता काढावे आणि सक्शनसाठी अधिक वेळ धरावा, असे मी सांगतो.

ह्युमिडिफायरचा खरा धोका वेगळा आहे: पडद्यावर दिसते ते वायूचे तापमान, आर्द्रता नव्हे. पात्रातले पाणी संपले तरी वायू तापतच राहू शकतो आणि आकडा ३७ च्या आसपास दिसू शकतो. त्या वेळी रुग्णाला मिळतो तो गरम पण कोरडा वायू. पात्राची पातळी डोळ्यांनी पाहण्याला पर्याय नाही. आणि दोन्ही उपकरणे एकाच सर्किटमध्ये कधीही ठेवू नयेत. एचएमईवरून ह्युमिडिफायरवर येताना डबी काढायची राहिली, तर गरम वाफेने तिचा कागद भिजून फुगतो आणि वाट बंद होते.

२००२ नंतर प्रौढांत रूढ झालेले ३३ अंश २०२१ च्या मोठ्या चाचणीनंतर पुष्कळ ठिकाणी मागे पडले आहेत आणि तेथे ताप येऊ न देण्यावर भर आहे. ज्वर टाळून ३७ वर ठेवलेल्या रुग्णाला वरील हिशेब लागू नाही. जन्मतः प्राणवायू कमी पडलेल्या नवजात बाळांना मात्र ३३ ते ३४ अंशांवर ७२ तास ठेवण्याची पद्धत आहे. तेथे निवडीचा प्रश्नच येत नाही. तीन किलोच्या बाळाचा एक श्वास १५ मिलिलिटरच्या आसपास असतो, त्यात डबीची मृत जागा परवडत नाही. वाट बंद करणारा फुगा नसलेल्या ट्यूबभोवतून उच्छ्वास गळतो, तो डबीपर्यंत पोचतच नाही. बाळाला गरम ह्युमिडिफायरच लागतो. तापवणारा वॉर्मर या काळात बंद असल्याने नळीचा बाळाकडचा, तार नसलेला तुकडा खोलीच्या हवेने लवकर गार होतो आणि त्यात पाणी साचते. साडेतीन मिलिमीटरच्या ट्यूबला त्यातला एक मोठा थेंबही पुरेसा असतो, म्हणून तो तुकडा दर तासाला हातात धरून, उजेडाकडे करून पाहावा.