घरगुती स्टीरिओत दोन वेगळ्या स्पीकर-जोड्या

एकाच अँप्लिफायरवर निरनिराळ्या बनावटीच्या, आकाराच्या किंवा ताकदीच्या दोन स्पीकर-जोड्या एकाच वेळी वाजवण्याची पद्धत. स्टीरिओला डावा आणि उजवा असे दोनच स्पीकर पुरतात. दुसरी जोडी बहुधा गरजेपोटी येत नाही, ती घरात असते म्हणून जोडली जाते. अनेक अँप्लिफायरांवर ‘ए’, ‘बी’ आणि ‘ए+बी’ असा निवडीचा खटका असतो, त्यामुळे ही जोडणी बिनधोक असल्याचा समज होतो. तसे नेहमी नसते.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या सीमाभागातल्या मराठी घरांत चालू स्थितीतली वस्तू सहसा टाकून देत नाहीत. फिलिप्स, सोनोडाइन, कॉस्मिक अशा नावांच्या जुन्या लाकडी पेट्या सोप्यात जपलेल्या असतात आणि पुण्या-मुंबईला नोकरीला गेलेला मुलगा नवी, लहान जोडी घेऊन येतो. दोन्ही ठेवायच्या, दोन्ही वाजवायच्या. या भागाचा कानही घडलेला आहे. कुमार गंधर्वांचा जन्म 1924 साली बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीचा; मल्लिकार्जुन मन्सूर आणि गंगूबाई हनगल शेजारच्या धारवाड-हुबळीकडचे; धारवाडचे आकाशवाणी केंद्र 1950 पासूनचे. इथे ख्याल, नाट्यसंगीत आणि अभंग ऐकले जातात, म्हणजे मुख्यतः माणसाचा गळा आणि त्यामागचा तानपुरा. जोडणी बरी की वाईट हे त्यावरच ठरवायला हवे, नुसत्या दणक्यावर नव्हे.

दुरुस्तीच्या दुकानात पहिला सल्ला मिळतो तो असा: “अँप्लीला किती ओहम झेपतंय ते बघा की आधी.” सल्ला अगदी योग्य आहे. बहुतेक अँप्लिफायरांत ‘ए+बी’ लावल्यावर दोन्ही जोड्या समांतर जोडल्या जातात आणि एकूण इंपिडन्स, म्हणजे प्रवाहाला होणारा ओहममधला अडथळा, उतरतो. 8 ओहमचे दोन स्पीकर मिळून 4 ओहम होतात, 8 आणि 6 मिळून सुमारे 3.4, 8 आणि 4 मिळून सुमारे 2.7, आणि 4-4 मिळून अवघे 2. अँप्लिफायरच्या मागे अनेकदा ‘ए किंवा बी : 4 ते 16 ओहम, ए+बी : 8 ते 16 ओहम’ अशा अर्थाची ओळ छापलेली असते. तिचा अर्थ सरळ आहे: दोन्ही एकत्र चालवायच्या असतील, तर प्रत्येक जोडी किमान 8 ओहमची हवी.

हा आकडा न पाळल्यास काय होते, ते हिशेबाने पाहता येते. 8 ओहमवर 50 वॉट देताना अँप्लिफायर 20 व्होल्ट दाब आणि अडीच अँपिअर प्रवाह देत असतो. तेवढ्याच दाबावर 2.7 ओहमचा भार आला, तर प्रवाह साडेसात अँपिअरवर जातो. हळू आवाजात काही बिघडल्यासारखे वाटत नाही. आवाज चढवला की अंग तापते, आवाज चिरकतो, संरक्षक रिले मध्येच तोडतो, आणि ती सोय नसेल तर फ्यूज किंवा आउटपुट ट्रान्झिस्टर जातो. सर्वांत जपायचे ते होम थिएटरच्या सेटमधून सुटे काढलेल्या लहान स्पीकरांना, कारण ते पुष्कळदा 3 किंवा 4 ओहमचे असतात. पेटीमागचा कागद निघून गेला असेल, तर वायर सोडवून मल्टिमीटर लावावा. 8 ओहमचा स्पीकर साधारण 6 ते 7 दाखवतो, 4 ओहमचा साधारण 3 ते साडेतीन. मीटर फक्त तारेचा साधा रोध मोजतो, म्हणून आकडा कमी दिसतो.

दुसरी अडचण आवाजाच्या प्रमाणाची. स्पीकरची संवेदनशीलता 2.83 व्होल्ट दाबावर एक मीटरवरून डेसिबलमध्ये मोजतात. समांतर जोडणीत दोन्ही जोड्यांना सारखाच दाब मिळतो, त्यामुळे हे आकडे सरळ ताडून पाहता येतात. जुनी मोठी पेटी 91 डेसिबलची आणि नवी लहान 85 ची असेल, तर नव्या जोडीला जुनीच्या बरोबरीने यायला चौपट वॉट लागतील. ते तिला मिळत नाहीत. एकच आवाजाचा नॉब दोघींना असल्याने नवी जोडी जुनीच्या खाली दबते आणि तिचा स्वच्छपणा, ज्यासाठी ती आणली, तोच ऐकू येत नाही.

खरा प्रश्न मात्र एकाच खोलीत, एकाच ऐकणाऱ्यासमोर दोन्ही जोड्या ठेवल्यावर उभा राहतो. समजा, जुनी जोडी कानापासून 2.40 मीटरवर आहे आणि नवी 2.74 मीटरवर. फरक 34 सेंटिमीटरचा, म्हणजे नवीचा आवाज सुमारे एक सहस्रांश सेकंद मागून येतो. 500 हर्ट्झच्या स्वराच्या लहरीला उलटी बाजू धरायला एवढाच वेळ लागतो. म्हणून तो स्वर दोन्हीकडून येऊनही एकमेकांना खातो. 1000 ला दोघे एकमेकांना उचलतात, 1500 ला पुन्हा खातात, 2000 ला उचलतात, आणि हे वरपर्यंत चालू राहते. नवी जोडी 6 डेसिबलने मंद असली, तरी उंचवटा आणि खळगा यांत साडेनऊ डेसिबलपर्यंत अंतर पडते. भिंतींवरून येणारे परावर्तन ते थोडे बुजवते, पण पुसून टाकत नाही.

काळी पाच पट्टीत गाणाऱ्या गायिकेचा तार षड्ज सुमारे 466 हर्ट्झवर असतो आणि वरचा शुद्ध रिषभ सुमारे 524 वर. वरच्या मांडणीत 500 चा खळगा नेमका या दोघांच्या मध्ये येतो. गायिका षड्जावरून मींड घेत रिषभाकडे निघाली, की वाटेत मूळ स्वराचा भर गळतो आणि पुन्हा भरतो. गळ्याने तसे काही केलेले नसते. मान दोन बोटे हलवली की खळगा दुसऱ्या स्वरावर सरकतो. जव्हारीतून, म्हणजे घोडीवर तार घासण्यातून, उठणारे तानपुऱ्याचे वरचे स्वर तर अशा अनेक खळग्यांतून एकदम जातात. त्यांची अखंड झिलई तुटते आणि तानपुरा एका जागी बसलेला न वाटता खोलीभर पसरल्यासारखा वाटतो. काहींना हा पसारा भव्य वाटतो. पण ज्याला ख्यालातली श्रुती ऐकायची आहे, त्याने एका बैठकीला एकच जोडी लावावी, हे या नोंदीचे स्पष्ट मत आहे. 

दोन जोड्या लावल्यावर गाणे ‘भरल्यासारखे’ का वाटते, यालाही कारण आहे. 100 हर्ट्झच्या लहरीची लांबी जवळपास साडेतीन मीटर असते. तिथे 34 सेंटिमीटरचा फरक किरकोळ ठरतो, आणि खालचे स्वर एकमेकांत मिळून वाढतात. डग्गा घुमतो, पखवाजाची थाप छातीवर येते. भजनाला किंवा सणाच्या दिवशी घर पाहुण्यांनी भरलेले असताना हे चालून जाते. बंद पेटी आणि भोकाची पेटी एकत्र असतील, तर खालच्या काही स्वरांवर दोघींची फेज, म्हणजे लहरींच्या चढ-उताराची वेळ, जुळत नाही, आणि तिथे वाढीऐवजी तूटही येऊ शकते.

दोन वेगळ्या जोड्यांची उत्तम जागा म्हणजे दोन वेगळ्या खोल्या. जुन्या कौलारू घरात एक जोडी सोप्यात आणि दुसरी माजघरात किंवा पडवीत ठेवली, की बहुतेक तक्रारी आपोआप मिटतात. सोप्यात बसलेल्याला सहा मीटर आतल्या जोडीचा आवाज सुमारे 17 सहस्रांश सेकंद उशिरा पोचतो, पण तो प्रतिध्वनी म्हणून वेगळा कळत नाही. आधी आलेल्या आवाजाच्या दिशेलाच कान स्रोत मानतो आणि साधारण 30 सहस्रांश सेकंदांच्या आत आलेला तोच आवाज त्यात मिसळून घेतो. जर्मन संशोधक हेल्मुट हास यांनी 1949 च्या प्रबंधात हे प्रयोगांनी मांडले, म्हणून त्यांचे नाव या परिणामाला मिळाले. माजघरात काम करणाऱ्या बाईंना आतली जोडी ऐकू येते, सोप्यातल्या आजोबांना बाहेरची. कुणाचेच बिघडत नाही.

फक्त वायर जाड हवी. पंधरा मीटर लांबीवर जाऊन-येऊन तीस मीटर तांबे होते. 1.5 चौरस मिलिमीटरच्या वायरीत त्याचा रोध सुमारे 0.35 ओहम भरतो आणि 0.5 च्या बारीक वायरीत एक ओहमच्या वर जातो. बारीक वायरीने आतल्या जोडीची ताकद वाटेतच खर्ची पडते आणि ठोक्यांचा आटोपशीरपणा जातो. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडच्या पावसात पडवीतल्या जोडीचे कागदी कोन दमट होतात आणि फोमच्या कडा काळाच्या ओघात भुगा होतात. तिथे कागदी कोनाची जुनी जोडी न ठेवता प्लॅस्टिक कोन आणि रबरी कडेची ठेवावी.

इंपिडन्स उतरू नये म्हणून काहीजण एकसर, म्हणजे एकामागून एक, जोडणी करतात. 8 आणि 8 मिळून 16 ओहम झाले की अँप्लिफायर सुरक्षित राहतो. गाणे मात्र बिघडते. स्पीकरचा इंपिडन्स प्रत्येक स्वराला बदलतो. 8 ओहमचा स्पीकर खालच्या अनुनादावर, म्हणजे त्याचा कोन आपसूक जास्त थरथरतो त्या स्वरावर, 40 ओहमपर्यंतही चढतो. त्याच क्षणी दुसरा 8 वर असेल, तर सहा भागांतले पाच भाग दाब पहिल्याकडे जातो. दोन्ही स्पीकर अगदी सारखे असतील तर वाटणी समान राहते. वेगळ्या जोड्यांत एक स्पीकर दुसऱ्याचा आवाज घडवू लागतो, आणि अँप्लिफायरचा कोनावरचा ताबाही सैल पडतो. एका अँप्लिफायरला अनेक जोड्या लावण्यासाठी बाजारात मिळणाऱ्या निवड-पेट्यांत संरक्षणासाठी रोधक टाकलेले असतात, त्यांचाही तोटा याच जातीचा आहे.

जोडण्यापूर्वी धन-ऋण तपासणे आवश्यक आहे, कारण कोन बदलून घेतलेल्या जुन्या पेट्यांत आतल्या वायरी उलट लागलेल्या सापडतात. पेटी अँप्लिफायरपासून सोडवावी आणि दीड व्होल्टच्या सेलचे धन टोक लाल टर्मिनलला, ऋण टोक काळ्याला क्षणभर टेकवावे. वूफरचा कोन बाहेर आला, तर जोडणी सरळ. चारही पेट्यांची चाचणी एकाच पद्धतीने करावी. एकीची उलट राहिली, तर निवेदकाचा आवाज मधोमध न येता दोन्ही कानांच्या बाजूला विखुरतो आणि डग्गा पातळ होतो.

वेगळी जोडी एकाच खोलीत ठेवण्याचा एक जुना आणि चांगला मार्ग अमेरिकी ध्वनितंत्रज्ञ डेव्हिड हॅफ्लर यांच्या नावाने ओळखला जातो. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला चार स्पीकरांच्या ध्वनीची हवा होती, त्या काळातला हा आहे. मागचे दोन स्पीकर एकसर करून अँप्लिफायरच्या डाव्या आणि उजव्या धन टर्मिनलांमध्ये लावतात. त्यांना डाव्या-उजव्यातला फरक तेवढाच मिळतो, म्हणजे मुख्यतः सभागृहाची आस आणि टाळ्या. गायक पुढेच राहतो, मैफल मागे पसरते. आकाशवाणीच्या जुन्या मोनो ध्वनिमुद्रणात डावे-उजवे एकच असते, त्यामुळे मागून काहीच वाजत नाही. ती वायरीची चूक नसते. ही जोडणी फक्त ऋण टर्मिनले आत एकत्र असलेल्या अँप्लिफायरवरच करावी. हल्लीच्या पुष्कळ लहान डिजिटल अँप्लिफायरांत प्रत्येक चॅनेलची दोन्ही टर्मिनले जिवंत असतात, तिथे हा प्रयोग करू नये, आणि कोणतीही दोन ऋण टोके एकमेकांना जोडू नयेत.

दोन्ही जोड्या रोज लागणार असतील, तर दुसऱ्या जोडीला स्वतंत्र लहान अँप्लिफायर द्यावा. स्रोताची किंवा प्री-आउटची (पहिल्या अँप्लिफायरमधून दुसऱ्याला सिग्नल देणाऱ्या खोबणीची) तार फोडून त्याला दिली की ओहमचा प्रश्न संपतो आणि दोन्ही जोड्यांना आपापला नॉब मिळतो. 91 आणि 85 डेसिबलची तफावत तिथे हाताने भरून काढता येते. दोन्ही अँप्लिफायरांची वीज एकाच बोर्डावरून घेतली, तर अर्थिंगच्या फरकातून येणारी गुणगुण बरीच टळते.